थंड गाडीच खरं बोलते

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका पशुसखी ताईंनी केलेलं भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या ताईंसाठी इथे देत आहोत.)



मागच्या सभेत कर्जमागणीचे अर्ज वाचले, तेव्हा एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. शेळी, शिलाई मशीन, पिठाची चक्की यांच्या जोडीला आता ‘जुनी मोटारसायकल’ हे कारण दिसायला लागलं आहे. ते साहजिकच आहे. पशुसखीला शेळ्या चरायला सुटायच्या आत गोठ्यात पोचावं लागतं. बँकसखीला बँक उघडायच्या वेळी तालुक्याला जावं लागतं. आमच्या भागात पूर्वी मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतला धावायची. उशिरा यायची, पण यायची. आता तीही नाही. एसटी आहे, पण तिची वेळ आणि आपल्या कामाची वेळ जुळतेच असं नाही. नवी गाडी घ्यायची ऐपत नसते, मग जुनीच पाहावी लागते.

जुनी घ्यायला माझी ना नाही. माझीही जुनीच आहे. पण ती घेताना मी जी चूक केली, ती तुमच्यापैकी कोणी करू नये म्हणून आज बोलते आहे. मी काही मिस्तरी नाही. मार खाऊन शिकलेली बाई आहे.

माझी गाडी कशी आली ते आधी सांगते. शंभर सीसीची, एमएच २७ पासिंगची, काळ्या रंगाची. किंमत ठरली २८,००० रुपये. गटातून २०,००० कर्ज घेतलं, ८,००० घरचे घातले. आम्ही दुपारी बारा वाजता पाहायला गेलो. मालक म्हणाला, “ताई, एका किकीत चालू होते, पाहा न.” खरंच झाली. आवाजही दमदार. माझ्या भावानं एक चक्कर मारली, आम्ही पैसे मोजले आणि गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाजूच्या गावात लसीकरण होतं. डिसेंबरचे दिवस. किक मारली, चालू झाली, बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. पाय दुखून आला. मूठ पिळून धरली की चालायची, सोडली की बंद. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “काऊन वं, कालची गाडी आजच म्हातारी झाली का?” शेवटी पायी निघाले. पोचेस्तोवर निम्म्या शेळ्या रानात गेल्या होत्या.

नंतर कळलं की आम्ही जायच्या आधी मालकानं गाडी चालवून गरम करून ठेवली होती. शिवाय स्लोचा स्क्रू पिळून आवाज वाढवून ठेवला होता. मी ज्याला दमदार आवाज समजले, ते झाकण होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच आहे: गरम गाडी खोटं बोलू शकते, थंड गाडी खरं बोलते.

थंड गाडी अडते कशानं?

हे समजायला आपली चूल पुरे आहे. कोरड्या पऱ्हाट्या एका काडीत पेट घेतात. दहिवर पडलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या तर जास्तीचा जाळ लागतो, रॉकेलाचा बोळा लागतो. एकदा चूल तापली की मग ओलसर लाकूडही जळतं.

इंजिनाचं तसंच आहे. पेट्रोल पातळ असतं तोवर जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते आणि ती हवेत मिसळावी लागते. इंजिन थंड असलं की पेट्रोलची वाफ नीट होत नाही. काही पेट्रोल थंड नळीच्या भिंतीलाच चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोलचा वाटा जास्त द्यावा लागतो. तेच काम चोक करतो. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते आणि हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापलं की चोक बंद करायचा.

आता दोन शब्द ध्यानात ठेवा. मूठ सोडून दिल्यावर गाडी उभ्या जागी संथ चालू राहते, ती ‘स्लो’. उजवी मूठ पिळून इंजिन वाढवतो, ती ‘रेस’. स्लोसाठी कार्बुरेटरमध्ये वेगळी बारीक वाट असते. त्या वाटेवर जो जेट बसतो, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. तिथे कचऱ्याचा एक कण बसला तरी रेसवर गाडी पळते आणि स्लोवर मरते. माझ्या गाडीचं निम्मं दुखणं तेच होतं.

पाहायला जाल तेव्हा

सकाळी लवकर जा. आदल्या दिवशी फोन करून मालकाला सांगा, “मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” गेल्याबरोबर इंजिनाजवळ हात न्या. ऊब लागली तर बसा, चहा घ्या, दोन तास थांबा. नाहीतर दुसऱ्या दिवशी या. मालक घाई करत असेल तर त्या घाईचं कारण तुम्हाला कळलंच आहे.

मग किक स्वतः मारा. थंडीचे दिवस असतील तर चोक ओढा, मूठ पिळू नका. चांगली गाडी दोन-तीन किकांत धरते. मिनिट-दोन मिनिटांनी चोक बंद करा. आता मूठ सोडून गाडी नुसती उभी ठेवा आणि ऐका. आवाज संथ आणि एकसारखा हवा. मधूनच खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, भुकभुक करत असेल, बंद पडत असेल, तर ते लिहून ठेवा.

दहा मिनिटं चालवून आणा आणि पुन्हा ऐका. थंड असताना ठीक होती आणि गरम झाल्यावर उभ्या जागी भणभण करते, तर स्लो वाढवून ठेवलेली आहे. मालकासमोरच मिस्तरीला स्लो खाली आणायला सांगा. शंभर सीसीच्या साध्या गाडीची स्लो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. आपल्या गाड्यांना फेऱ्यांचा काटा नसतो, पण चांगल्या चालणाऱ्या तशाच गाडीशेजारी उभी करून ऐकलं तर फरक कानाला कळतो. स्लो खाली आणल्यावर गाडी टिकली तर उत्तम. नाही टिकली तर दुखणं आहे, आणि ते दुखणं किमतीतून वजा झालं पाहिजे.

सायलेन्सरच्या धुराकडेही पाहा. सुरू होताना काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे दुरुस्त होतं. निळसर धूर राहून राहून येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, आणि तो खर्च मोठा असतो. अशी गाडी मी तरी सोडून देईन.

दुखणं शोधायचा क्रम

गाडी घेतल्यावर मी एका गॅरेजात गेले. त्यांनी प्लग बदलला. चार दिवसांनी कार्बुरेटरचा किट बदलला. फरक पडला नाही, तेव्हा म्हणाले, “बोअरचं काम करा लागते ताई, इंजिन खोला लागते.” तोपर्यंत माझे २,३०० रुपये गेले होते आणि हप्ता तोंडावर आला होता. ते फसवत होते असं मी म्हणत नाही. अंदाजानं पुर्जे बदलत होते, आणि अंदाजाचे पैसे माझे जात होते.

तेव्हा आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकाकांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, पैसे पुर्जात नोको घालू. आंधी गाडी काय म्हणते ते आयक.” त्यांनी जो क्रम शिकवला तो सांगते. फुकटातलं आधी, स्वस्तातलं मग, महागातलं शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरी झाली ते कळत नाही, आणि उद्या पुन्हा बिघडली तर पुन्हा तिन्हीचे पैसे.

पहिलं, चोकला विचारायचं. चोक ओढल्यावर गाडी टिकते आणि बंद केल्यावर मरते, इंजिन गरम झालं तरी तेच, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा घुसतेय. उलट, चोक ओढल्यावर गाडी आणखीच गुदमरते, काळा धूर टाकते, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. या एका खुणेनं निम्मी वाट कळते.

दुसरं, पेट्रोल. जुनी गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत तळाला पाणी साचू शकतं. कार्बुरेटरच्या वाटीला खाली एक निचऱ्याचा स्क्रू असतो. इंजिन बंद आणि थंड असताना, चूल, बिडी, दिवा सगळं लांब ठेवून, तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, गाळ असेल तर तोही दिसतो. पाणी किंवा गाळ निघाला तर टाकी आणि वाटी साफ करायची, तोवर दुसरं काही बदलायचं नाही.

तिसरं, हवा. आपल्या मुलखात काळ्या मातीची बारीक धूळ आहे. कापूस वेचणीत सरकीचे तंतू उडतात, तूर काढताना भुसा उडतो. हे सगळं एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं. फिल्टर तुंबला की चोक कायम ओढून ठेवल्यासारखं होतं. फोमचा फिल्टर असेल तर धुऊन, वाळवून, सांगितलं असेल तसा तेल लावून बसवता येतो. तेलकट कागदाचा असेल तर तो फुंकून किंवा हवा मारून साफ होत नाही, बदलावाच लागतो. आणि फिल्टर काढून टाकून गाडी कधीच चालवू नका. धूळ सरळ इंजिनात जाते आणि मग बोअरचं काम खरंच निघतं.

चौथं, प्लग. प्लग काढून त्याचं टोक पाहा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर जळण चांगलं आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय. पांढरट असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. तेलानं चिकट काळा असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. प्लग फेकायच्या आधी त्यानं काय सांगितलं ते वाचा. माझ्या पहिल्या प्लगचं टोक पांढरट होतं, तो कोणी वाचलाच नाही.

पाचवं, जास्तीची हवा. कार्बुरेटर आणि इंजिन यांना जोडणारी जी नळी असते, तिथलं रबर जुन्या गाडीत तडकतं किंवा सैल होतं. तिथून बाहेरची हवा घुसते, आणि थंड इंजिनाला जेव्हा पेट्रोल जास्त हवं असतं तेव्हाच ते कमी पडतं. काकांनी काय केलं? गाडी स्लोवर ठेवली, साबणाच्या पाण्याचे थोडे शिंतोडे त्या जोडावर मारले. क्षणभर इंजिनाचा आवाज बदलला. काका म्हणाले, “सापडला चोर.” पाण्यानं भेग तेवढ्यापुरती बुजली होती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तसं करू देऊ नका, गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आग.

सहावं, स्लोचा जेट. तो काढून साफ करण्याच्या औषधानं आणि हवेच्या दाबानं स्वच्छ करतात. त्यात तार किंवा सुई घालायची नाही, भोक मोठं झालं की जेट वाया. रबर बदललं, जेट साफ केला, स्लो गरम इंजिनावर पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझी गाडी दुसऱ्या किकीत उभी राहिली. या सगळ्याला मला आधी घालवलेल्या पैशांच्या चौथ्या हिश्श्याएवढाही खर्च आला नाही.

यानंतरही टिकली नाही तर सातवं, टॅपेट. इथे एक गंमत आहे. सैल टॅपेट टकटक वाजतो, म्हणून सगळ्यांना कळतो. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही. उलट, गाडी शांत आहे म्हणून आपण खूश होतो. पण वाल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, आणि थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरतं. तेव्हा फार शांत गाडीचीही टॅपेट तपासणी करून घ्या. ती थंड इंजिनावरच करायची असते. बोअर, रिंग, इंजिन खोलणं हे या सगळ्यानंतर.

गाडगेबाबा आपल्याच मुलखातले, शेंडगावचे. हातात झाडू घेऊन आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. गाडीचंही तसंच करा. आधी सफाई, मग खरेदी.

मेळघाटातल्या ताईंसाठी एक गोष्ट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. वर हवा विरळ असते, म्हणून कार्बुरेटरची गाडी घाटावर थोडी गुदमरते, जोर कमी लावते. परतवाड्याला उतरल्यावर ती नीट चालत असेल तर ते दुखणं नाही. वर जाऊन कार्बुरेटर पिळून आणू नका, खाली आल्यावर पुन्हा बिघडेल.

रेसचं दुखणं: हे जिवावरचं आहे

स्लो बिघडली तर काम खोटी होतं. रेस बिघडली तर माणूस जातो. म्हणून आता जे सांगते ते गाडी न चालवणाऱ्या ताईंनीही ऐकावं, कारण मागच्या सीटवर तुम्ही बसता.

अमरावती-अकोला हायवे तुम्हाला माहीत आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत आहे, ट्रक भरधाव असतात. मूर्तिजापूरकडे जाताना मी आणि मागे आमच्या गटाच्या सचिव ताई. पुढे ट्रकनं ब्रेक लावला म्हणून मी मूठ सोडली. मूठ सुटली, पण गाडी तशीच पळत राहिली. रेस अडकली होती. मागून ताई ओरडल्या, “हळू घे वं!” मी काय हळू घेणार, गाडीच ऐकत नव्हती.

क्लच दाबला. इंजिन जोरात ओरडलं, पण चाकाचा जोर सुटला. चावी बंद केली, ब्रेक लावत कडेला आले. दोघींचे पाय लटपटत होते. नंतर पाहिलं तर रेसच्या केबलचे आतले तार एकेक करून तुटले होते आणि आवरणात अडकून बसले होते.

तुमच्यावर असं आलं तर क्रम पाठ करून ठेवा: क्लच दाबा, इंजिन बंदचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर चावी बंद करा, मग कडेला या. चावी फक्त बंदपर्यंत फिरवायची, लॉकपर्यंत नाही, नाहीतर हँडल अडकेल. स्कूटीला क्लच नसतो. तिथे दोन्ही ब्रेक धरून लगेच चावी बंद करायची.

आणि असं येऊच नये म्हणून चार तपासण्या आहेत. दोन मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. ती स्वतःहून चट्कन मागे आली पाहिजे. हळूहळू येत असेल किंवा हातानं आणावी लागत असेल तर गाडी चालवू नका. हीच तपासणी हँडल सरळ, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून करा.

मुठीला सुरुवातीला थोडी ढील हवी. साधारण २ ते ६ मिलिमीटर मूठ फिरेपर्यंत केबल ओढली जाऊ नये. अजिबात ढील नसेल तर स्लो कधीच स्थिर राहत नाही. फार ढील असेल तर मूठ पिळल्यावर गाडी उशिरा उचलते.

आता गाडी स्लोवर चालू ठेवा, गिअर नको, स्टँडवर. हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा. हँडल वळवल्यानं आवाज वाढत असेल तर केबल आखूड पडतेय किंवा कुठेतरी दबतेय. वळणावर गाडी आपोआप जोर घेईल, म्हणजे पडायचीच तयारी.

चौथी गोष्ट, केबलची दोन्ही टोकं पाहा. तारेचा एक जरी धागा सुटलेला दिसला तरी केबल बदला. केबल स्वस्त आहे. तिला तेल घालून दिवस काढू नका.

केबल ठीक असूनही मूठ सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लावत असेल, तर पुन्हा त्या तडकलेल्या रबराकडे जा. जास्तीची हवा घुसली की तसंच होतं. मूठ पिळताच गाडी क्षणभर दबून मग उचलत असेल, तर स्लोच्या जेटकडे जा. आणि गाडी आठ-दहा किलोमीटर छान चालून मग बंद पडत असेल, थोडं थांबल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर टाकीचं झाकण उघडून पाहा. सुस्स आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. ते भोक साफ करायला पैसे लागत नाहीत, पण त्यापायी लोकांनी कार्बुरेटर बदललेले मी पाहिले आहेत.

नव्या पद्धतीच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि बहुतेक गाड्यांचा कार्बुरेटर गेला. त्यांना चोक नसतो, पेट्रोल किती द्यायचं ते मशीन ठरवतं. आरसीवर गाडी कधी बनली ते असतं, त्यावरून अंदाज येतो. अशा गाडीची चावी चालू केली की मीटरमध्ये इंजिनाचं चित्र असलेला दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर दुखणं आहे. मुळात लागतच नसेल तर कोणी तो दिवा काढून ठेवला असेल, तेही तपासा. चावी लावल्यावर दोन क्षण थांबा, पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येऊन थांबतो, मग सेल्फ मारा. बॅटरी कमजोर असेल तर या गाड्या सकाळी फार छळतात. या गाडीचे स्क्रू गावातल्या कोणाला पिळू देऊ नका. त्याला कोड वाचायचं मशीन लागतं.

मिस्तरीशी बोलताना

आपण जातो आणि म्हणतो, “भाऊ, गाडी बिघडली.” एवढंच म्हटल्यावर तोही अंदाजच करणार. त्याऐवजी असं सांगा: “सकाळी थंड असताना स्लोवर टिकत नाही. चोकवर टिकते. गरम झाल्यावरही भुकभुक करते. मूठ सोडली की आवाज हळू खाली येतो.” दवाखान्यात डॉक्टरला आपण ताप कधी येतो, किती दिवसांपासून आहे ते सांगतो, तसंच. मिस्तरी चांगला असेल तर तो खूश होतो. आणि गैरफायदा घेणारा असेल तर समोरच्या बाईला कळतं हे त्याला कळतं.

काढलेला जुना पुर्जा परत मागा. पिशवीत घालून घरी आणा. बिलावर काय बदललं ते लिहून घ्या. बंद खोलीत किंवा गोठ्यात दार लावून गाडी चालू ठेवून तपासू नका, तो धूर विषारी असतो, वासही न येता चक्कर आणतो.

गाडीची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. तशीच गाडीची करू या.

एक, जुनी गाडी सकाळी, थंड असतानाच पाहायची.
दोन, आधी चोकला विचारायचं, मग पेट्रोल, हवा, प्लग या क्रमानं जायचं.
तीन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
चार, मूठ स्वतःहून मागे येत नसेल तर गाडी जागची हलवायची नाही.
पाच, केलेला प्रत्येक खर्च आणि त्यानं पडलेला फरक वहीत लिहायचा.

शेवटी सभेसमोर माझी एक सूचना आहे. जुन्या गाडीसाठी कर्ज मंजूर करताना अर्जदार ताईसोबत गटातल्या आणखी एका ताईनं सकाळी जाऊन गाडी पाहावी. थंड असताना चालू झाली का, स्लोवर टिकली का, हँडल वळवल्यावर आवाज वाढला का, या तीन प्रश्नांची उत्तरं अर्जाच्या मागे लिहावी. त्यानंतरच पैसे द्यावेत. आपण शेळी घेताना तिचे दात पाहतो, कास पाहतो, चालवून पाहतो. शेळीपेक्षा गाडी महाग आहे, आणि तिच्या मागच्या सीटवर आपली लेक बसते.

मी आजही तीच गाडी चालवते. वहीत तिचा सगळा हिशेब आहे. हप्ता फिटला. मागच्या आठवड्यात दहिवर पडलं होतं, तरी सकाळी सहाला दुसऱ्या किकीत चालू झाली. सासूबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, “जा वं माय, बकऱ्या सुटाच्या आंधी पोच.”